अक्षरजुळणी : चिमा भुवड

मी आयुष्यात एकच माणूस नोकरीवर ठेवला आणि तोही रागाच्या भरात. माझ्या सगळ्या निर्णयांत तेवढा एक शंभर टक्के बरोबर निघाला. बाकीचे मी शांत डोक्याने, कागद-पेन्सिल घेऊन घेतले होते. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

मी चिंतामणी सोमण. खेडला एसटी स्टँडच्या मागे माझं दुकान आहे. पुढच्या भागात टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म; मागच्या भागात 'काठ प्रकाशन'. नावावर जाऊ नका. एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि न खपलेल्या पुस्तकांचे गठ्ठे, एवढाच पसारा. आम्ही तीनशे प्रतींची पुस्तकं काढतो. निवृत्त मास्तरांच्या आठवणी, एखाद्या वाडीचा इतिहास, कलमं बांधणाऱ्याने तोंडी सांगितलेली कलमांची माहिती. मोठा प्रकाशक ज्यांना दारातही उभं करणार नाही, अशा माणसांची पुस्तकं. त्यातलं एकेक हातात घेतलं की मला अजून बरं वाटतं, खोटं कशाला सांगू?

अकरा वर्षांपूर्वी एप्रिलात चिमा भुवड बचत गटाचा अहवाल टाइप करून घ्यायला आली. खेडपासून तासाभरावरच्या गावातली, बारावी झालेली. नवरा निलेश मुंबईला वॉचमन. कडेवर दोन वर्षांची आरोही. मी एका मास्तरांच्या आत्मचरित्राची पानं लावत बसलो होतो आणि ही माझ्या पाठीमागे उभी राहून पाहत होती. पाठीमागे कुणी उभं राहिलेलं मला अजिबात खपत नाही. मी काही बोलणार, तेवढ्यात म्हणाली, "काका, ह्या पानात मधनं पाणी गळल्यावानी दिसतंय."

मी चष्मा काढून पाहिलं. खरंच की! शब्दांमधल्या मोकळ्या जागा एकाखाली एक येऊन पानभर पांढरा ओघळ झाला होता. वाचणाऱ्याला हा दोष दिसत नाही, नुसते डोळे शिणतात. बावीस वर्षं धंद्यात असून मला तो दिसला नव्हता, आणि ही बाई येऊन पाच मिनिटं झाली नव्हती. माझं डोकंच फिरलं.

"एवढं कळतंय तर बस आणि कर!" मी खेकसलो.

तिने आरोहीला माझ्या मांडीवर दिलं आणि बसली की हो! माऊस कसा धरायचा तेवढं विचारलं. पाऊण तासाने ओघळ गेला होता, माझ्या मांडीवरची पोर झोपली होती आणि मी म्हटलं, "उद्यापासून ये."

ही माझी भरतीप्रक्रिया. हल्ली लोक चार-चार फेऱ्यांच्या मुलाखती घेतात, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता म्हणून विचारतात. अरे बाबा, पाच वर्षांनी मी कुठे असेन ते मला सदुसष्टाव्या वर्षीही माहीत नाही! माणसाला काम द्यावं, शेजारी बसावं आणि पाहावं. माझं हे मत मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलेलं आहे.

चिमाला मी शिकवलं ते पहिली दोन वर्षं. पुढचं ती आपली आपण शिकली, एसटीत येता-जाता फोनवर व्हिडिओ पाहून. जुन्या फाँटमधल्या आमच्या सगळ्या फाइली तिने युनिकोडमध्ये आणल्या. फोनवर वाचायची पुस्तकं कशी करतात ते शोधून काढलं आणि आमची बारा पुस्तकं तशी केली. कॉम्प्युटरचं काम म्हटलं की लोकांना वाटतं, बटण दाबलं की पुस्तक बाहेर पडतं. बटण दाबून काय बाहेर पडतं ते मी पाहिलंय. शंभर ठिकाणी अक्षरं फुटलेली असतात आणि ती एकेक करून सांधायला कुणीतरी मान मोडून बसावं लागतं. आमच्याकडे ती मान चिमाची होती. तिच्यामुळे 'काठ'ची पुस्तकं देखणी म्हणून ओळखली जाऊ लागली. एका वाचनालयाने आम्हाला उत्कृष्ट निर्मितीचा पुरस्कार दिला. शाल मी घेतली. चिमा खाली तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. हातात छापील कागद. रत्नागिरीची एक कंपनी मराठी पुस्तकं फोनवर आणण्याचं काम करते, त्यांना माणसं हवी होती. काम घरून करायचं, पगार मी देतो त्याच्या तिप्पट. "निलेशला परत आणता येईल, काका," ती म्हणाली. "आठ जणांच्या खोलीत राहतो. आरोहीला बाप गणपतीत नि शिमग्यात दिसतो."

ती गेली तर 'काठ'चं काय? पण तोंडाने मी म्हटलं, "भर की मग फॉर्म. वाट कसली बघतेस?"

"पदवी लागते. नसेल तर नाव छापलेली पाच कामं दाखवायची."

"पाच? त्रेचाळीस आहेत!" मी उठून फडताळातून पुस्तकं ओढली. पुस्तकाच्या सुरुवातीला एक पान असतं. त्यावर बारीक अक्षरात प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी अशी नावं असतात. वाचक ते पान उलटून पुढे जातो. मी पहिलं पुस्तक उघडलं. अक्षरजुळणी : चिंतामणी सोमण. दुसरं उघडलं. अक्षरजुळणी : चिंतामणी सोमण. तिसरं, चौथं, दहावं.

काय झालं होतं ते सांगतो. पहिल्या पुस्तकाची जुळणी मी केली होती, तेव्हा ते नाव खरं होतं. पुढे प्रत्येक पुस्तकाला तेच पान उचलायचं, पुस्तकाचं नाव आणि साल बदलायचं, झालं. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. आणि ते पान उचलायचं काम चिमाचं. म्हणजे त्रेचाळीस वेळा तिने आपल्या हाताने, आपल्या कामावर माझं नाव ठेवलं होतं.

मला लाज वाटायला हवी होती. पण माझा स्वभाव! मी तिच्यावरच ओरडलो. "तू बोलली का नाहीस? बदलायचंस की सरळ!"

"तुम्ही सांगितलं नाय." ती शांतपणे म्हणाली. "पुस्तक आलं की मी घरी न्यायची. आरोही विचारायची, आई, तुझं नाव कुठाय? मी सांगायची, काका विसरले."

"दर वेळी?"

"ती आता मोठी झाली, काका. हल्ली विचारत नाय."

मी खाली बसलो. त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. घरी बायकोला, हेमाला, सगळं सांगितलं आणि वर म्हणालो, बाईने एकदा तरी बोलावं की नाही? हेमा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही ती पानं कितीदा वाचलीत?" तपासायला प्रत्येक पान माझ्यापुढे यायचं. माझं नाव मी त्रेचाळीस वेळा वाचलं होतं आणि मला कधी खटकलं नव्हतं. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला पत्र लिहिलं, की हे सगळं काम चिमा भुवड यांचं आहे. दोन दिवसांनी उत्तर आलं : पुस्तकांवर आपलं नाव आहे, मालकाचं पत्र पुरावा म्हणून धरता येत नाही. मी दुकानात त्या कंपनीचा उद्धार केला. झेरॉक्स काढायला आलेली माणसं घाबरून बाहेर थांबली. मग फोन लावला आणि तिथल्या तेजस्वी नावाच्या मुलीशी भांडलो. माणसं घ्यायचं काम तिच्याकडे होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, असं पत्र उद्या कुणाचा मामाही देईल. तुम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर याल का? मी दोघांशीही बोलते."

पोरगी बरोबर बोलत होती, हे मला फोन ठेवल्यावर कळलं. असली पत्रं मी स्वतः टाइप करून दिलेली आहेत, ढिगाने.

गुरुवारी अकरा वाजता आम्ही कॉम्प्युटरपुढे बसलो. चिमा नवी साडी नेसून आली होती. तेजस्वीने आमची पुस्तकं मागवून वाचलेली दिसत होती, कडेला चिठ्ठ्या लावलेल्या. म्हणाली, "पुस्तकावर नाव सरांचं आहे, म्हणून आधी सरांना विचारते. हे जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक. एकही ओवी दोन पानांत तुटलेली नाही आणि एकाही पानाखाली रिकाम्या जागेचं भगदाड नाही. हे कसं जमवलंत?"

मी विचार केला. "मला माहीत नाही," म्हणालो.

"हे तीनशे पानांचं पुस्तक जुन्या फाँटमधून आणलंय. एकही रफार जागेवरून हललेला नाही. कुठला प्रोग्राम वापरलात?"

"माहीत नाही."

"फोनवर हे पीक-तक्ते आडवे न सरकवता वाचता येतात. कसे बसवलेत?"

अकरा वर्षं त्याच खोलीत बसून मी करत काय होतो? "नाही माहीत," मी म्हटलं. "बाई, मला यातलं काही येत नाही. मी फक्त शाल घेतली."

तेजस्वी हसली नाही. तिने तेच प्रश्न चिमाला विचारले. चिमाचा आवाज आधी कापत होता. "ओव्या सखूआजींनी सांगितलेल्या. जिथं तुटत होत्या तिथं मी त्यांना फोन करायची, ही आधी घेतली तर चालेल काय? त्या म्हणून बघायच्या नि सांगायच्या. अठरा वेळा फोन केला." मग रफाराचं. "प्रोग्रामनं आणलं, पण त्यानं फोडलेले शब्द मी वहीत लिहून ठेवलेले. ते बदलले. मग शेवटच्या पानापासून उलटं वाचत आले. सरळ वाचलं की मन गोष्टीत जातं नि चूक दिसत नाय." मग तक्त्यांचं सांगायला लागली ती थांबेचना. तेजस्वी वहीत उतरवून घेत होती. मुलाखत घेणारी माणसं उतरवून घेतात ते आपल्याला नापास करायला, असं मला वाटायचं. ही शिकायला उतरवून घेत होती.

शेवटी तिने मला विचारलं, "सर, मग इतकी वर्षं तुमचं नाव का?"

"कुणी विचारलं नाही," मी म्हटलं, "आणि मला ते आवडत होतं. चूक माझी आहे. तुम्हाला हवं तिथे लिहून देतो."

चिमा मध्येच बोलली. "ताई, बसायला खुर्ची काकांनी दिली. माझी पोर मांडीवर घेऊन त्यांनी मला शिकवलं. ते पण लिहा." माझ्याकडे न बघताच म्हणाली. मला पुढचं काही नीट ऐकू आलं नाही. माझ्या नशिबाने ही बाई माझ्या दुकानात आली, एवढंच मनात येत राहिलं. उपकार तिचे, आणि आभार पण तीच मानत होती.

सोमवारी पत्र आलं. चिमाला नोकरी लागली. निलेश मेअखेर घरी यायचा आहे.

वाचनालयाला मी सगळं कळवलंय; शाल तिच्या नावाने द्या म्हटलं. आणि त्रेचाळीस पुस्तकांसाठी शुद्धिपत्राची चिठ्ठी केली. ती चिमाला करायला सांगणं शोभलं नसतं, म्हणून मीच बसलो. चार ओळींना रविवार गेला. 'या पुस्तकाची अक्षरजुळणी चिमा भुवड यांनी केली आहे. तिथे माझं नाव छापलं गेलं, ही माझी चूक. त्यांचा मी ऋणी आहे. चिंतामणी सोमण.' हेमाने खळ करून दिली. शिल्लक असलेल्या सगळ्या प्रतींत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि प्रत्येकाच्या एकेका प्रतीचा गठ्ठा बांधून चिमाच्या गावी गेलो.

चिमा पाणी आणायला आत गेली. आरोही आता तेरा वर्षांची आहे, उंचीला आईच्या बरोबरीने आलेली. मी गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. तिने वरचं पुस्तक उघडलं, चिठ्ठी वाचली आणि भुवई उडवली.

"आजोबा, ही आईने नाय ना केली?"

"कशावरून गं?"

"शब्द बघा की. इथं चिकटलेत, इथं लांब गेलेत."

"नाही बाळा. ही मी केली."

ती हसली. मीही हसलो, नि डोळे पुसले. मग तिने दुसरं पुस्तक उघडलं आणि चिठ्ठी वाचली. मग तिसरं. मला वाटलं, आता थांबेल. सगळ्यांवर एकच मजकूर होता. तरी पोर ओटीवर मांडी घालून एकेक पुस्तक उघडत होती, आईच्या नावावर बोट ठेवून वाचत होती आणि मग पुढचं घेत होती. खाली रस्त्यावर खेडला परतणाऱ्या चारच्या एसटीचा हॉर्न वाजला. मी ती जाऊ दिली.