मेहुण्याची व्हॅन आणि भाऊजींची स्कूटर

पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या टपरीत गाड्यांचा धूर तपासायला आमचा चुळबुळ्या बसतो, असं आपलं म्हणायचं. बसलेला त्याला कुणी पाहिलेला नाही. मशीनचा पडदा पुसेल, बाहेर डोकावेल, पुन्हा पडदा पुसेल. फार धूर सोडणाऱ्या गाडीला कायद्याने रस्ता बंद केला आणि ह्याची चुळबुळ कायमचीच होऊन बसली. का, ते सांगतो, पण मी सांगितलं म्हणू नका. एखादा खटारा आला की नंबरप्लेटचा फोटो खटाऱ्याचा, आणि तपासणीची नळी मात्र शेजारी उभ्या स्वतःच्या स्कूटरच्या सायलेन्सरमध्ये. सगळं गाव पास! माणूस भिडस्त, 'नाही' हा शब्द तोंडातून फुटायचाच नाही.

परवा त्याचा मेहुणा शाळेची व्हॅन घेऊन आला. धूर-तपासणीचं सर्टिफिकेट त्याच दिवशी संपत होतं. नवं नसेल तर सकाळी शाळा व्हॅन फाटकाच्या आत घेणार नव्हती, आणि दुसरा व्हॅनवाला टपूनच होता. त्यात बायकोचा दम: "माझ्या भावाला ताटकळत ठेवाल तर बघा!" ह्याने घाईघाईत, सवयीने, नळी स्कूटरला लावली.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली: नापास. निकाल तडक सरकारी कार्यालयात गेला. जगाला पास करणाऱ्या त्या स्कूटरला स्वतःला मेकॅनिक कधी दिसलाच नव्हता!

"नापास?" मेहुणा उडालाच. "भाऊजी, अख्खं इंजिन उतरवून दुरुस्त केलंय! आणि... ही नळी कुठे लावलीत?"

"अरे, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी? मग उद्या पोरांना तुमच्या स्कूटरवर कोंबून नेऊ?"

नळी आता व्हॅनला लावली, तर मशीन तो नंबरच घेईना. नापास गाडी कार्यालयाने मोकळी केल्याशिवाय पुन्हा तपासता येत नाही म्हणे. चुळबुळ्याने फोन उचलला, ठेवला, टपरीभोवती फिरून आला, पुन्हा उचलला.

"साहेब, नळी दुसऱ्याच गाडीला लागली होती."

"चुकून? मग अर्ज द्या. आठवडाभरात बघू."

आठवडाभरात व्हॅनची जागा गेलीच असती. मेहुणा टक लावून बघत होता.

"चुकून नाही साहेब," चुळबुळ्या म्हणाला. "मुद्दाम. रोजच लावतो."

संध्याकाळच्या आत साहेब स्वतः हजर! त्यांनी व्हॅन तपासून पास केली आणि टपरीला सील ठोकलं.

"ताईला काय सांगायचं?" मेहुण्याने खालच्या आवाजात विचारलं.

"तूच सांग. तुझं ऐकते ती," म्हणत चुळबुळ्या व्हॅनमध्ये चढला आणि घर जवळ येऊ लागलं तसा प्रत्येक सिग्नलला दाराची कडी चाचपत म्हणू लागला, "मला इथेच सोड ना, चालत येतो."