मोठ्या बाईंचं डोकं कोण बघणार?

बालवाडीतल्या उशांचे अभ्रे निम्मे पिळून झाले होते, निम्मे अजून कढत पाण्यातच होते, तेवढ्यात मावशींच्या दाराची कडी खडखडली. देव कुणाच्या हाताला काय गुण देईल सांगता येत नाही. मावशींच्या हाताला त्यानं उवांची फणी दिली. वीस वर्षं बालवाडीत पोरं सांभाळली, पण अजूनही एखादं खाजणारं डोकं समोर आलं की त्यांच्या अंगात वारं भरतं.

दारात वरच्या मजल्यावरची सून, आणि तिनं दंडाला धरून आणलेली आठ वर्षांची चिमणी.

"मावशी, परत झाल्या! महिन्यात तिसऱ्यांदा! आता पाचला पार्लरमध्ये नेते आणि सगळे केस उतरवते. कटकटच नको."

चिमणीनं कमरेपर्यंतची वेणी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली. डोळे डबडबलेले.

घड्याळात साडेतीन वाजले होते. मावशींनी ओले हात पदराला पुसले.

"थांब ग जरा! येतात कुठून ते तरी बघू."

"कुठून म्हणजे? औषध दोनदा लावलं, डबीवर लिहिलंय तसं. वर्गातल्या सगळ्यांच्या आयांना विचारलं, शेजारी विचारलं. कुणाकडेच नाहीत म्हणे. आता रॉकेल चोळून बघू का?"

"रॉकेलच्या नावानं कानाला खडा लाव! पोरीची कातडी भाजेल, एक ठिणगी पडली तर जिवावर बेतेल." मावशी चिमणीकडे वळल्या. "तू झोपतेस कुणाजवळ, राणी?"

"आजीजवळ. एकाच उशीवर. ती गोष्ट सांगते ना."

"आणि आजीचं डोकं कुणी बघितलं?"

सुनेनं आवाज खाली आणला. "मोठ्या बाईंच्या डोक्याला हात कोण लावणार, मावशी?"

तेही खरंच. चिमणीची आजी म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. कुणाच्या डोक्यात ऊ दिसली की दप्तरासकट घरी पाठवायच्या, वर आईबापांना स्वच्छतेचं व्याख्यान.

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" मावशींनी फणी, पांढरा टॉवेल, केस मऊ करायच्या क्रीमची बाटली उचलली आणि जिना चढायला लागल्यासुद्धा. मायलेकी मागून पळत.

मोठ्या बाई वर्तमानपत्र वाचत होत्या.

"बाई, तुमचं डोकं बघायचंय."

"माझं? मी रोज डोक्यावरून न्हाते."

"उवांना काय त्याचं! स्वच्छ केसांतही त्या तितक्याच मजेत राहतात. गेल्या साली माझ्याच डोक्यात होत्या, आणि मी ही अशी फणीवाली!"

बाईंच्या कपाळाला आठी. सून हळूच म्हणाली, "पाच वाजता चिमणीचे केस कापायचेत, आई."

बाईंनी नातीकडे पाहिलं. मग अंबाड्यातले आकडे एकेक काढून टेबलावर ठेवले. "खाज येत होती खरी. म्हटलं, म्हातारपणाची कातडी."

मावशींनी केस ओले करून क्रीम चोपडलं, बारीक भांग पाडला, मुळापासून शेंड्यापर्यंत फणी ओढली आणि टॉवेलवर पुसली.

"एक!" चिमणी उडालीच. "आई बघ, चालतेय! दोन! आज्जी, ही केवढी जाडी! पाच... नऊ... अकरा!"

"ओरडू नकोस, गल्ली गोळा होईल," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच खुदकन हसल्या. "मावशी, मला आता वर्गाबाहेर उभं करा."

"उभ्या राहू नका, बाई. मागची बाजू अजून राहिलीय!"

सुनेनं तिथूनच पार्लरला फोन लावून वेळ रद्द केली. चिमणीनं वेणी सोडली आणि आजीच्या गळ्याला मिठी मारली, तशी मावशींनी दोघींची डोकी लगेच लांब केली.

"आता ऐका. दर तिसऱ्या दिवशी फणी, दोन आठवडे, दोघींची एकाच दिवशी. एक लीख राहिली तरी आठवड्याभरात नवी फौज उभी! उशा वेगळ्या, अभ्रे कढत पाण्यात. आणि सूनबाई, तूही बस इथं."

सुनेच्या डोक्यात काही निघालं नाही. तरी बाईंनी चष्मा लावून खात्री करून घेतली.

"ही फणी आम्हाला हवीच," त्या म्हणाल्या.

"ही बालवाडीची. तुम्हाला नवी आणते." मावशी जिना उतरल्या आणि तशाच औषधाच्या दुकानाकडे निघाल्या, बाईंसाठी बारीक दातांची स्टीलची फणी आणायला.