डोळा चुकवून

आमच्याकडे लहान लेकराला मागे ठेवून निघायची एक रीत आहे. एकानं लेकराला मागच्या अंगणात नेऊन मांजर दाखवायचं आणि बाकीच्यांनी चपला हातात घेऊन पुढच्या दारानं सटकायचं. लेकरू परत येतं तेव्हा घर रिकामं. याला डोळा चुकवून जाणं म्हणतात, आणि हे सगळं प्रेमापोटी करतात.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं दुसरं बाळंतपण होतं. ऑपरेशन ठरलेलं, म्हणून तिच्या चार वर्षांच्या थोरलीला अमरावतीहून अकोल्याला, माझ्या आणि आईच्या घरी ठेवायचं ठरलं. नवराबायको तिला घेऊन आले. माझे मेहुणे बी.एड. कॉलेजात बालमानसशास्त्र शिकवतात, म्हणून मी भाबडेपणानं म्हटलं, "निघताना तिला सांगून जा."

आई उसळली. "सांगून निघसान त गळ्यात पडन थे! मांग न पाहता चुपचाप निघा."

"आईंचं बरोबर आहे, ताई," मेहुणे म्हणाले. "थेअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं."

मग आईनं पोरीला मागे नेलं आणि बालमानसशास्त्राचे प्राध्यापक हातात बूट घेऊन पायमोज्यांवर माझ्या ओसरीतून बाहेर पडले. बहीण पोट सांभाळत मागून गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनंही मागे वळून पाहिलं नाही.

पोर आत आली, तिनं दोन्ही खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली. रडली नाही. शेजारपाजाऱ्यांनी कौतुक केलं, "किती शहाणी पोट्टी हाय!" पुढचे दिवस ती देऊ ते खायची, बोलावलं की यायची, स्वतःच्या आईचं नाव काढत नसे. फक्त मी न्हाणीत गेले की दाराबाहेर बसून राहायची. आणि घरातल्या चपला नाहीशा होऊ लागल्या. त्या तिच्या उशीखाली सापडल्या, माझ्याही आणि आईच्याही.

आईनं पाठीत धपाटा घातला. "चपला घेऊन झोपते, छी!"

"मारू नको. आपणही पळून जाऊ असं वाटतंय तिला."

"लेकराले काय समजते वं एवढं!"

मला संताप आला. मुलांच्या मनाचं विश्लेषण करण्याचा पाया घालणाऱ्यांमध्ये एक परदेशी बाई होती. तिची पुस्तकं मी मेहुण्यांच्याच कपाटातून आणून वाचली होती. पानं कोरी करकरीत होती. लढाईच्या दिवसांत तिनं घरापासून तुटलेली मुलं सांभाळली. बॉम्बपेक्षा मुलाला आईपासून तुटणं जास्त भोवतं, हे तिनं जवळून पाहून लिहून ठेवलं. त्यासाठी तिला चपला लपवणारी मुलं बघत बसावं लागलं असेल. आमच्याकडे बघायला कोणाला वेळ आहे?

बाळ झालं, बहीण घरी आली, तरी पोरीला न्यायला कोणी येईना. मेहुणे फोनवर म्हणाले, "जरा कार्यक्रमाची गडबड आहे, ताई." कार्यक्रम कसला, तर त्याच बाईच्या कार्यावर त्यांचं व्याख्यान आणि सत्कार.

मी पोरीला समोर बसवलं. आईच्या पोटातून बाळ काढलं, म्हणून तुला इथं ठेवलं, न सांगता गेले ते चुकलं, आता आपण आईकडे जातोय, असं सगळं सांगितलं. तिनं माझा पदर धरला. मग म्हणाली, "तू बी जाशीन?"

"हो, संध्याकाळी. पण तुला सांगून."

तिचा विश्वास बसला नाही. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, तरी एसटीत तिनं माझा पदर सोडला नाही.

बहिणीला टाक्यांमुळे दारापर्यंत उठवत नव्हतं, म्हणून मेहुणे बाहेरून कुलूप लावून गेले होते; ती किल्ली घ्यायला आधी हॉलवर गेलो. मंचावर त्या बाईचा फोटो. फोटोला झेंडूचा हार आणि काचेवर, बरोबर कपाळावर, कुंकू. समई लावताना वारा आला, तर तीन पाहुण्यांनी मिळून ती सांभाळली. व्याख्यानात नुसतं 'बाळ' म्हणतानाही मेहुण्यांचा आवाज भरून आला. मुलाशी खोटं बोलू नये, मुलाचा विश्वास हीच खरी संपत्ती, वगैरे. टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत त्यांची मुलगी माझा पदर धरून बसली होती. तिच्याकडे त्यांनी मंचावरून हात हलवला.

घरी बहीण पलंगावर बाळ घेऊन होती. तिनं हात पसरले. पोर दारातच उभी राहिली आणि भिंतीकडे बघू लागली. बहीण रडायला लागली, पण पोर हलली नाही. संध्याकाळपर्यंत ती कोणाच्याही कुशीत गेली नाही. पाणीसुद्धा माझ्याच हातून प्यायली.

शालीसकट मेहुणे आले तेव्हा मी निघायच्या तयारीत होते. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं, मागच्या दारानं जा. मी पोरीसमोर बसले. "मी आता अकोल्याला जाते. रविवारी फोन करीन. तू इथं आईजवळ."

तिचा चेहरा आधी कोरा होता. मग ती अशी रडली की गल्लीतल्या बाया दारात आल्या. इतक्या दिवसांचं सगळं एकदम.

"काहून रडवलं ताई तिले?" मेहुणे चिडून म्हणाले. गडबडीत त्यांची कॉलेजातली भाषा सुटली होती. "चांगली चूप बसून राहिली होती!"

"रडू द्या," मी म्हटलं. "भरवसा असला तरच लेकरू रडतं. तुमच्यावर तेवढाच उरलाय तिचा."

पोर हुंदके देत माझ्याकडून मागे सरली, मागे सरली, आणि पाठ पलंगावर बसलेल्या तिच्या आईच्या गुडघ्याला लागल्यावर तिथंच थांबली.