देवमन कंडक्टरचं झाकलेलं दुखणं

अमरावती–धारणी गाडीवर देवमन एकोणीस वर्षं कंडक्टर होता. रोजच्या प्रवाशांची नावं-गावं त्याला तोंडपाठ. अशा बोलक्या माणसाचं तोंड मिटलं, ते एका खाजेनं.

लघवीच्या जागी पुढच्या कातडीला आधी खाज सुटली, मग लाली आली, चिरा पडल्या. मेडिकलवाल्यानं न बघताच मलम दिलं. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. हळूहळू कातडी मागं सरेना. लघवीची धार दोऱ्याएवढी झाली. आग अशी, की लघवीच लागू नये म्हणून तो दिवसभर पाणी पिईना. अंथरूण त्यानं बाहेरच्या खोलीत नेलं. मनकर्णा, त्याची बायको, काय झालं विचारायची, तर हा खेकसायचा.

शेवटी तो रस्त्याकडेच्या तंबूतल्या एका वैद्याकडं गेला. त्यानं भुकटी दिली. ती लावली त्या दुपारी देवमन न्हाणीत तोंडात पंचा कोंबून बसला. जागा काळी पडली. हा कॅन्सरच, असं त्याच्या मनानं घेतलं. पोरगी पिंकी नर्सिंग शिकत होती, पण पोरीला सांगणार कसं? त्यापेक्षा मेलेलं बरं, इथवर तो आला.

एक दिवस सेमाडोहला गाडी थांबली. देवमन आडोशाला गेला, तो परतेना. ड्रायव्हर चंद्रभान शोधत आला. देवमन झाडाला धरून कण्हत होता. पोट तट्ट फुगलेलं, थेंब उतरेना.

"चंद्रभान, मले मरू दे बा."

चंद्रभाननं त्याला परतवाड्याकडं निघालेल्या जीपमध्ये घातलं आणि मनकर्णाला फोन लावला.

परतवाड्याच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. "साखर तीनशे ऐंशी आहे. ठाऊक होतं?"

"मले कुठची साखर?"

"साखर वाढली की इथं बुरशी धरते, कातडी आवळत जाते. आधी आले असते, तर साखरेच्या गोळ्या आणि साध्या मलमावर भागलं असतं."

जागा बधिर करून त्यांनी छेद दिला. लघवी मोकळी झाली आणि देवमन हुंदके देऊन रडला.

साखर उतरल्यावर अमरावतीत ऑपरेशन करून आवळलेली कातडी काढली. काळ्या जागेचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत मनकर्णा उशाशी बसून असायची.

"मले वाटलं, तुमी कोनाच्या तरी नादी लागले," ती एकदा म्हणाली. "वर्षभर रडून राहिली मी. बायकोले सांगाची लाज, अन् त्या भोंदूले दाखवाची लाज नाई!"

देवमननं तिचा हात धरला.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला नाही. तरी साखरेमुळं जखम भरायला दीड महिना गेला.

पुन्हा ड्युटीवर आला तेव्हा त्यानं चंद्रभानला सगळं उघड सांगितलं. चंद्रभाननं मागं कुणी प्रवासी ऐकत नाही ना, ते पाहिलं. मग हळूच म्हणाला, "देवमन, मले बी दोन म्हयन्यांपासून तिथंच खाज आहे. मलम लावून राहिलो."

"उद्या सुट्टी टाक," देवमन म्हणाला. "मी येतो संगं."