मापाड्याच्या घरचा शिधा

धामणगाव बढ्यात अर्जुनरावांना लोक हिशोबी म्हणतात. या शब्दाला तिथे फार मान आहे. ज्याच्या हातून काही सुटत नाही त्याला एकदा हिशोबी म्हणून टाकलं, की त्याच्या घरात कोण काय खातं हे विचारायची गरज उरत नाही.

त्यांनी जन्मभर धान्याच्या बाजारात मापाड्याचं काम केलं. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा आणि माप ओरडून सांगायचं. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, मग तीन. आणि प्रत्येक ढिगातून, माल पाहायचा म्हणून, एक मूठ उचलायची. तिला नमुना म्हणतात. उचललेला नमुना ढिगात परत जात नाही, मापाड्याच्या पिशवीत जातो. ज्याचा माल असतो तो हे बघतो आणि लगेच दुसरीकडे बघू लागतो, कारण काटा कुणाच्या हातात आहे हे त्याला ठाऊक असतं. पुढे आकडे दाखवणारे विजेचे काटे आले. मूठ तेवढी राहिली.

संध्याकाळी ती पिशवी घरी यायची. तूर, मूग, हरभरा, गहू, ज्वारी, सगळं एकात एक. त्यांची बायको गीताबाई ते सुपात घेऊन ओट्यावर बसायची आणि निवडायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती असे दुसऱ्यांच्या शेतांतले दाणे वेगळे करत आली होती. गव्हाचा डबा वेगळा, तुरीचा वेगळा. डबे भरलेले असत. ते कशामुळे भरलेले असतात, हा प्रश्न अर्जुनरावांच्या मनाला कधी शिवला नाही. धान्याला भाव असतो हे ते रोज कानांनी ऐकत. पण भाव ही विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची भानगड होती. ते खाणारे होते.

वय झालं, काम सुटलं, पिशवी बंद झाली. घर पक्कं होतं, बँकेत ठेव होती, दोन एकर बटाईने दिलेलं होतं. भुकेचं कारण नव्हतं. पण डब्यांचे तळ दिसू लागले तसे गीताबाईने किराणा आणायला सांगितला, आणि अर्जुनराव आयुष्यात पहिल्यांदा पिशवी घेऊन दुकानात उभे राहिले. परत आले ते अर्धी पिशवी घेऊन.

“तुरीची डाळ काय भाव आहे, मालूम आहे काय तुले?”

“मले कसं मालूम असंन? तुम्ही कधी इकत आनली काय?”

“मंग एवढे वर्ष हे घर खात काय होतं?”

“लोकायचं,” गीताबाई म्हणाली आणि पिशवी आत घेऊन गेली.

त्यांनी ते ऐकलं, पण उत्तर म्हणून ऐकलं नाही. त्यांना एवढंच कळलं की या घरात फार खाल्लं जातं, आणि ज्या अर्थी आजवर हे त्यांच्यापासून लपून राहिलं त्या अर्थी ते बायकोने लपवलं असलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर भगवंतराव येऊन बसले. भगवंतराव निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटल्यापासून ते गावभर शिकवत हिंडतात आणि गावही त्यांना चहा पाजून ऐकून घेतं.

“देशाले बजेट असते, अर्जुनराव. मंग घराले काऊन नसावं?”

त्या ओट्यावर त्या दोघांनी एका घराच्या जेवणाचं अंदाजपत्रक ठरवलं. दोघांनीही आयुष्यात पेटत्या चुलीत लाकूड सारलं नव्हतं. तेल किती लागतं, यावर थोडा वाद झाला. मग दोघांना पटेल असा आकडा निघाला, म्हणजे दोघांनाही माहीत नसलेला. आत फोडणीचा आवाज येत होता. आत जाऊन विचारायला चार पावलं लागली असती. पण शहाणपणाला उठून आत जायची सवय नसते.

जेवताना गीताबाईला निकाल सांगण्यात आला. महिन्याला तेल एवढं, साखर एवढी, शेंगदाणे एवढे. पीठ-तांदूळ रोज सकाळी मोजून मिळतील.

“कोन मोजंन?”

“मी आहो ना.”

अडगळीतला जुना तराजू घासूनपुसून स्वयंपाकघरात टांगला गेला, देव्हाऱ्याच्या अंगालाच. रोज सकाळी आंघोळ करून अर्जुनराव त्याच्यासमोर उभे राहत. पिठाचं पहिलं माप घालताना ‘लाभ’ म्हणत, मग ‘दोन’. त्यांचा आवाज तोच होता, बाजारात घुमणारा. घरात दोन माणसं आणि तो आवाज. दोन मापं झाली की त्यांचा उजवा हात आपसूक खाली जाई, परातीतून एक मूठ पीठ उचली आणि शेजारच्या डब्यात टाकी.

पहिल्या दिवशी गीताबाईने विचारलं, “हे काय?”

त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं. हाताने काय केलं हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. मग म्हणाले, “शिल्लक.”

माणूस आपल्या सवयीला चांगलं नाव शोधतोच. आजवर दुसऱ्याच्या ढिगातून उचललं, आता उचलायला आपलाच ढीग उरला होता. हे शिल्लक पीठ महिनाभर डब्यात राही, त्याला जाळी धरे, त्यात अळ्या पडत. मग महिन्याच्या पहिल्या तारखेला हुकूम निघे, “आधी हे संपव.” त्यामुळे त्या घरात ताजं पीठ नेहमी शिल्लक पडत असे आणि शिळं नेहमी खाल्लं जात असे. याला ते बजेट पाळणं म्हणत. भगवंतराव येऊन डबा हातात तोलून बघत आणि मान हलवत.

कीर्ती पसरली. बचत गटाच्या बैठकीत त्यांना चार शब्द बोलायला बोलावलं. गावातल्या बायकांना, ज्या एका वांग्यात सहा माणसं जेवू घालतात, त्यांनी घर कसं चालवावं ते सांगितलं. बायकांना हिशोब नसतो, हेही सांगितलं. मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, “बापू, शिट्टी कितवी झाली का भात उतरवा लागते, थेही सांगून दे.” बायका पदरात तोंड घालून हसल्या. अर्जुनरावांना वाटलं भाषण रंगलं.

गीताबाईविषयीही फार हळवं होऊ नये. तो तराजू सुतळीने टांगलेला होता आणि घरात विळी होती. तिने सुतळी कापली नाही. फोडणीत तेलाऐवजी पाणी शिंपडायला शिकली, जवसाची चटणी कोरडीच वाटायला शिकली. आज्ञा पाळणं हा काही माणसांचा आजार असतो, आणि गाव त्याला संस्कार म्हणतं.

मग सुचिता आली. त्यांची एकुलती मुलगी, रोहिणखेडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात आली. येताना दवाखान्यात दाखवून आली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की रक्त फार कमी आहे. आता दोन जिवांचं खाल्लं नाही तर बाळंतपणात बाईला धोका आहे आणि पोटातल्यालाही. हे सुचिताने आईला सांगितलं, आणि आईने अर्जुनरावांना, त्यांच्या पाठीमागे उभं राहून, कारण त्यांचं तोंड तराजूकडे होतं.

“मानूस वाढलं म्हनून बजेट वाढत नसते,” ते म्हणाले. “आहे त्यात बसवा लागते.”

“पोर मरंन ना.”

“एवढ्यानं कोनी मरत नाही. आपल्या आया काय तूप पिऊन राह्यल्या होत्या काय?”

त्या दिवसापासून गीताबाईला उपास लागले. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. तिच्या वाटणीची भाकर सुचिताच्या ताटात जाऊ लागली. अर्जुनराव भगवंतरावांना कौतुकाने सांगत, की बजेटमुळे घरात धर्म वाढला.

“आई, आज कायचा उपास?” सुचिताने एकदा विचारलं.

“शनिवार नाही काय.”

“काल काय होतं?”

“कालचा काल झाला. तू खाय.”

“दोघीयचं एक ताट घे, नाहीतर मी उठतो.”

दोघी एका ताटात जेवल्या. पण एका ताटात जेवल्याने भाकरी दोन होत नाहीत. सुचिताच्या डोळ्यांखाली काळं येत गेलं. पायऱ्या चढताना ती मध्येच थांबू लागली. दवाखान्यात पुन्हा दाखवलं तर रक्त होतं त्याहून खाली गेलेलं. डॉक्टरीणबाई गीताबाईवर ओरडल्या. जिच्यावर ओरडायला हवं होतं ती व्यक्ती घरी तांदूळ मोजत होती.

सुचिताने सासरी काही सांगितलं नव्हतं. माहेरची अब्रू पोरीच्या जिभेखाली असते. पण फोनवर चेहरा दिसतो. जावई हरिओमने तो बघितला, आणि एका सकाळी त्याची आई वच्छलाबाई न कळवता रोहिणखेडहून येऊन उभी राहिली. हातात पिशवी. खारका, खोबरं, डिंक, आणि घरच्या म्हशीचं तूप बरणीत भरलेलं. खरं तर हे सगळं माहेरच्यांनी करायचं असतं. विहिणीने ते घेऊन येणं म्हणजे माहेराच्या थोबाडीत मारणं. पण वच्छलाबाईने पिशवी हसून खाली ठेवली.

ती आत आली तेव्हा मोजणी चालू होती. ‘लाभ.’ ‘दोन.’ हात परातीत गेला, मूठ बाहेर आली.

“इवाई, हे काय करून राह्यले?”

“शिल्लक काढतो.”

“गरवार पोरीच्या कनकेतून?”

“तुम्हाले नाही समजनार, इहीनबाई. बजेट आहे.”

वच्छलाबाई वळली. सुनेकडे बघत राहिली. सुचिता भिंतीला टेकून उभी होती, आणि तिचा हात भिंतीवर ज्या तऱ्हेने दाबलेला होता त्यावरून ती टेकली नसून तिने स्वतःला धरून ठेवलं आहे हे दिसत होतं.

एवढ्यावर निभावलं असतं. विहीण रागावली असती, चहा पिऊन गेली असती, पिशवी मागे राहिली असती. पण अर्जुनरावांनी ती पिशवी उचलली.

“वजन करून घेतो,” ते म्हणाले. “मंग रोजचं किती ते ठरवता येते.”

त्यांनी खारका तराजूत ओतल्या. तोंडातून ‘लाभ’ निघालं. मग हात खाली गेला, त्याने मूठभर खारका उचलल्या आणि शिल्लकेच्या डब्यात, अळ्या पडलेल्या पिठावर टाकल्या. त्या हाताला घर कळत नव्हतं, मुलगी कळत नव्हती. त्याला फक्त ढीग कळत होता.

वच्छलाबाईने उरलेल्या खारका पिशवीत भरल्या, तुपाची बरणी उचलली.

“सुचिता, कपडे भर.”

“आता?” अर्जुनराव म्हणाले. “इहीनबाई, पहिलं बाळंतपन आहे. पोरगी अशी वापस गेली तर लोक काय म्हनतीन?”

“लोकायले मी सांगीन. म्हनीन, बापाच्या बजेटात बसली नाही.”

सुचिता कपडे भरायला गेली नाही. ती आईकडे बघत होती. वच्छलाबाईच्या ते ध्यानात आलं.

“गीताबाई, तुम्ही बी चाला. पोरीले आई पाह्यजे अशा टायमाले.”

आता अर्जुनरावांना हसू आलं. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी अन्न घ्यायचं नाही, ही रीत. गीताबाई इतक्यांदा रोहिणखेडला जाऊन आली होती, पण तिथला घोटभर चहाही तिने घेतलेला नव्हता. पाणी सोबत न्यायची. त्यांना वाटलं, ही कुठे जाणार.

“जाय ना,” ते म्हणाले. “पन तिथी जेवशीन काय? पोरीच्या घरचं?”

गीताबाईने हात पदराला पुसले.

“जेवीन,” ती म्हणाली. “पोटभर जेवीन.”

ऑटो आली, तिघी बसल्या. अर्जुनरावांनी दारात उभं राहून गावाकडे बघितलं, गावाने त्यांच्याकडे. दुपारी भगवंतराव आले. दोघांनी नवीन आकडा काढला; एकच माणूस असल्यामुळे तो फार सुबक निघाला. भाकरी कुणी थापायची हे त्या आकड्यात नव्हतं. अर्जुनराव पुढे कित्येक दिवस पीठ मोजून ठेवत आणि हॉटेलात जाऊन मिसळ खात. हॉटेलचा खर्च बजेटात धरायचा नाही असं भगवंतरावांचं मत पडलं, कारण ते घरचं जेवण नव्हे.

रोहिणखेडला गीताबाई पहिल्या दिवशी जेवायला बसली तेव्हा पहिला घास तोंडाशी नेऊन थांबली, असं सुचिता सांगते. मग जेवली. दुसऱ्या दिवसापासून तिने चुलीचा ताबा घेतला. डिंकाचे लाडू वळले, मेथी आणली, सुचिताच्या ताटाच्या दोन्ही बाजूंना दोन विहिणी बसल्या आणि ती संपवेपर्यंत उठल्या नाहीत. रक्त हळूहळू चढलं. दिवस भरून मुलगी झाली, धडधाकट, रडून घर डोक्यावर घेणारी. सुचिताही वाचली.

बारशाला अर्जुनराव आले. नवं धोतर, हातात नातीसाठी एक झबलं. आता मूल झालं होतं, म्हणजे रितीप्रमाणे मुलीच्या घरी जेवायला हरकत नव्हती. ते पंगतीत पहिले बसले. पुरणपोळी होती, वर तूप, कढी, भजी. वाढणाऱ्याने विचारायच्या आत ते ताट पुढे करत. तूप बोटांवरून मनगटावर आलं, ते त्यांनी चाटून घेतलं. शेजारचे थांबले, तरी त्यांचा घास चालूच होता. आजूबाजूच्यांनी एकमेकांकडे बघितलं. कुणी हसलं नाही.

पंगत वाढता वाढता गीताबाई त्यांच्यापाशी आली.

“घरी कवा येतं?” त्यांनी भरल्या तोंडाने विचारलं.

“नाही येत.”

“किती दिवस?”

“पोळी वाढू काय?”

“वाढ,” ते म्हणाले, आणि ताट सरकवलं.

तिने पोळी वाढली, तूप घातलं, आणि पुढच्या ताटाकडे गेली. नंतर बायकांची पंगत बसली. गीताबाई सुचिताच्या शेजारी बसून सावकाश जेवली. संध्याकाळच्या एसटीने अर्जुनराव एकटेच धामणगावला परतले. खिडकीशी बसले, पोटावर हात ठेवला आणि पहिल्या वळणाआधी त्यांना झोप लागली.