चुनखडीचं खरं ठरलं

जुन्या गावात त्याला नावानं कोणी हाक मारत नसे. 'चुनखडी' म्हटलं की झालं. भुवया, बोटांची पेरं, चपलांचे अंगठे, सगळं कायमचं पांढरं. बायको म्हणायची, "आमच्याकडे केस कधी पिकले ते कुणाला कळलंच नाही." जुन्या वेशीचा बुरूज आणि उतारावरची दगडी घरं यांची डागडुजी करण्यात या गवंड्याची चाळीस वर्षं गेली होती. खड्ड्यात चुना भिजत घालायचा, महिनोन्‌महिने तसाच ठेवायचा, लोण्यासारखा मऊ झाला की मगच थापीवर घ्यायचा. घाई करणाऱ्याला तो सुनवायचा, "घर तीनशे वर्षं थांबलंय, तुम्हाला तीन महिने थांबवत नाही होय?"

धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली शिकला. हात थोरल्यापेक्षा सफाईदार, नजर तर अशी की ओळंबा लावायची गरज पडू नये. पण लोकांना आता चुना नको होता. त्यांना वरती एक मजला हवा होता, सपाट गच्ची हवी होती. धाकटा सिमेंटकडे वळला आणि एके वर्षी स्वतःच्या घराच्या जुन्या तुळया काढून त्यानं वर स्लॅब टाकायला घेतला.

थोरला तरातरा तिथं गेला. "अरे, या भिंती म्हणजे दोन बाजूंना दगड आणि मध्ये नुसती माती-खडी. तुळयांनी त्यांना धरून ठेवलंय. तू त्यांचा आधार काढतोस आणि वर डोक्यावर हत्ती बसवतोस?"

"दादा, जग कुठं चाललंय आणि तू अजून चुना ढवळत बसलायस," धाकटा म्हणाला. मग मजुरांसमोर, जरा मोठ्यानंच, "माझं चांगलं झालेलं तुला बघवत नाही, एवढंच आहे ते."

हे वाक्य थोरल्याच्या काळजात रुतलं. "पुन्हा या घराचा उंबरा चढणार नाही," तो म्हणाला, "आणि पुन्हा सांगायलाही येणार नाही."

शब्द त्यानं नऊ वर्षं पाळला. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. जावा नळावर भेटायच्या, एकमेकींची दुखणीखुपणी विचारायच्या. भाऊ समोर आले की एक जण रस्ता बदलायचा. फक्त एकदा, कामावरून येताना, थोरल्याला धाकट्याच्या भिंतीत भेग दिसली. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली, बोट जाईल एवढी. तो थांबला. आतून धाकट्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. कडी हाताशी होती. 'त्याला काय दिसत नाही? तो काय आंधळा आहे?' असं मनाशी म्हणून तो पुढं गेला. घरी बायकोलाही बोलला नाही.

नंतर पाच महिन्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, तो बुरुजाच्या परांचीवर होता. घमेल्यातलं पाणी थरथरू लागलं. खालून भरलेले ट्रक जावेत तसा घरघराट आला आणि परांची त्याच्या पायाखालून निघून गेली. भिंतीतल्या एका खोबणीत दोन्ही हात घालून तो लोंबकळत राहिला. बुरुजाच्या माथ्याचे दगड त्याच्या पाठीमागून खाली गेले. बुरूज मात्र उभा राहिला.

धूळ बसायच्या आधीच तो कसाबसा उतरला आणि धाकट्याच्या गल्लीकडं धावला. गल्ली नव्हती. धाकट्याच्या घराच्या भिंती दोन्हीकडं फाकल्या होत्या आणि स्लॅब सरळ खाली येऊन बसला होता, अखंड, कुठं टवका न उडालेला. समोर भावजय भाजीची पिशवी घेऊन उभी होती. "ताप होता त्यांना," ती म्हणाली. "म्हणून आज कामावर गेले नव्हते."

संध्याकाळी यंत्रं आली तेव्हा कुठं धाकटा सापडला. शेजारचं म्हातारं जोडपंही त्याच ढिगाऱ्याखाली गेलं होतं.

मग लोक भेटायला येऊ लागले. दोन शब्द दुःखाचे बोलायचे आणि उठता उठता म्हणायचे, "पण चुनखडी, तुझंच खरं ठरलं हो." तो खाली मान घालायचा. त्याला वाटे, यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं.

पंधरा दिवसांनी शाळेच्या मैदानातल्या तंबूत भूकंपातल्या पडझडीची चौकशी करणारे अधिकारी आले. थोरल्याला बोलावणं आलं. तंबूच्या दाराशी भावजयीनं त्याला गाठलं. "भाऊजी, जे असेल ते सांगा. फक्त त्यांना मूर्ख म्हणू नका."

"स्लॅबमुळे पडलं," त्यानं आत सांगितलं. "जुन्या भिंतींना तो पेलला नाही. माझा भाऊ मूर्ख नव्हता, साहेब. या गावात त्याच्याइतका चांगला हात कुणाचा नव्हता, माझासुद्धा. तेही लिहा. आणि असं लिहा, की मला भेग दिसली होती. पाच महिन्यांपूर्वी. मी कडी वाजवली नाही."

अधिकाऱ्यानं पेन थांबवलं. "हे लिहायची गरज नाही. हा काही गुन्हा नव्हे."

"गुन्हा असता तर शिक्षा भोगून मोकळा झालो असतो. लिहा."

मागोमाग आत येऊन बाकावर बसलेली भावजय उठली आणि बाहेर पडली. त्यानंतर ती त्याच्या घराकडं फिरकली नाही.

थोरल्यानं बुरुजाचं काम सोडलं. जुन्या भिंतींवर स्लॅब असलेलं गावातलं प्रत्येक उभं घर तो शोधू लागला. कडी वाजवायची, भिंत दाखवायची, तुळया कुठं घालायच्या ते सांगायचं. ज्यांनी हाकललं त्यांच्याकडं पुढच्या आठवड्यात परत जायचं. "चुनखडी आला, दारं लावा," अशी थट्टा सुरू झाली. औषधाच्या दुकानदारानं पाचव्या खेपेला हात जोडले, "बाबा, कर काय करायचं ते, पण रोज येऊ नकोस." त्या वर्षात अकरा घरांवरचे स्लॅब उतरले.

एका दुपारी तो चुन्याच्या खड्ड्यापाशी फावडं घेऊन उभा असताना भावजय आली. बरीच वाळली होती. फळकुटावर बसली.

"भाऊजी, ती भेग... आतून मलाही दिसायची. मी तिच्यावर कॅलेंडर टांगलं होतं."

त्यानं फावड्याच्या दांड्यावर हात टेकले.

"त्यांनाही दिसत होती. एकदा जेवताना म्हणाले, दादाला बोलावून दाखवू या. मी म्हटलं, मग आजच जा. तर म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू."

थोरल्याच्या हातातलं फावडं चुन्यात गेलं. तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि धाकटा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडला. भावजयीनं त्याला गप्प केलं नाही. ती तिथंच बसून राहिली. बऱ्याच वेळानं तिनं पदर खोचला, फावडं ओढून बाहेर काढलं आणि पाण्यानं धुऊन त्याच्याजवळ ठेवलं.