फिरता खांब
लोखंडाला लावायच्या लाल प्रायमरचा वास आला की अंगणातला तो खांब आठवतो. गावात वीज टिकत नसे, म्हणून आम्ही एक सोलर प्लेट घेतली. छपरावर पक्की बसवली तर उजेड कमी मिळणार होता. अंगणात फिरत्या खांबावर जास्त, पण ती दिवसभर उन्हाकडे वळवावी लागणार होती. "कोन फिरवन?" मी म्हणालो. हृदयाच्या आजारानं घरी बसलेली बायको चिडली, "अजी, डाक्टरनं शेत बंद केलं, हात तं नाई बांधले ना माहे!" खांबच ठरला. पोळ्यानंतर एका संध्याकाळी ती गेली. सकाळी अंगणात माणसं जमली, ऊन चढलं, आणि तिनं वळवलेली प्लेट पश्चिमेकडेच पाहत होती. कोणीतरी ती फिरवायला उठलं, मी त्याचा हात धरला. आज गच्चीवर नव्या प्लेटा बसवताना फिटर फिरत्या स्टँडचा फायदा आकड्यांत सांगत होता. आकडे बरोबर होते. मी पक्का स्टँड घेतला.